आमचं तसं छान चाललंय

वक्तशीरपणाबद्दल माणसाला शिक्षा होऊ शकते यावर माझा पूर्वी विश्वास नव्हता. आता आहे. वर्षभरात एकदाही उशिरा न आल्याबद्दल आमच्या विमा कंपनीनं मला बक्षीस दिलं. साहेबांनी चारचौघांत हात मिळवला, फोटो काढला, आणि बक्षिसाची रक्कम पगारात जमा झाली. तेवढ्या रकमेत चपलेचा एक बरा जोड आला असता, आणि तोही घासाघीस केल्यावर. पण तेवढ्यानं माझं वार्षिक उत्पन्न सरकारी अनुदानाच्या मर्यादेच्या वर गेलं आणि विद्यापीठात निघालेल्या माझ्या मुलीचा अर्ज खिडकीतून परत आला. खिडकीमागचा माणूस म्हणाला, "आपण सधन वर्गात मोडता." मला सधन म्हणणारा आयुष्यातला हा पहिला माणूस, आणि तोही माझ्या हातात अर्ज परत कोंबताना.

मी तडक साहेबांकडे गेलो आणि बक्षीस परत घ्या म्हणालो. साहेबांनी हिशेब विभागाकडे पाठवलं, हिशेब विभागानं आस्थापनेकडे. आस्थापनेतल्या बाईंनी सगळी कपाटं पालथी घालून सांगितलं की कर्मचाऱ्यानं पैसे मागितले तर काय करायचं याचे नियम आहेत, कर्मचारी पैसे परत द्यायला आला तर काय करायचं याचा नियम नाही. शिवाय फोटो सूचनाफलकावर लागला होता. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम उशिरा गेलो, तर शिपायानं माझी तब्येत विचारली.

इथे मला माझ्या नोकरीबद्दल सांगायला हवं. मी दावे विभागात आहे. लोक नुकसानभरपाई मागतात आणि ती का देता येत नाही हे मी त्यांना सभ्य भाषेत कळवतो. 'आपल्या दाव्याचा सहानुभूतीपूर्वक विचार करण्यात आला, तथापि' ही माझी सुरुवात कंपनीत प्रसिद्ध आहे. नव्या पोरांना अजून ती माझ्याकडून शिकावी लागते. त्यामुळे नकार कसा द्यावा हे मला कळतं. नकार कसा घ्यावा हे मात्र मला कोणी शिकवलं नव्हतं, आणि त्या उन्हाळ्यात माझ्याकडे दर टपालाला एक येऊ लागला.

मुलीला कीटकशास्त्र शिकायचं होतं. लहानपणापासून तिचा जीव मुंग्यांत. खिडकीत ओळीनं बरण्या, त्यांत माती, मातीत मुंग्या. हिचा, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींचा, या छंदाला विरोध होता, पण साखरेचा डबा उघडा राहिला तरी मुंग्या फक्त बरण्यांतच जातात हे पाहून तिनंही हात टेकले होते. विद्यापीठानं मुलीची निवड केली होती, जागाही राखून ठेवली होती, पण महिनाअखेरपर्यंतच. फीचा अर्धा भाग आम्ही साठवला होता. उरलेला अर्धा आणि तिथं राहण्याचा खर्च कुठून आणायचा हे कळत नव्हतं. तिला ते माहीत होतं. एकदा जेवताना ती सहज म्हणाली की नाहीच जमलं तर ती इथल्याच कॉलेजात नाव घालेल आणि बँकेच्या परीक्षा देईल. इतक्या शांतपणे म्हणाली की माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्या वयात माणसानं इतकं समजूतदार असू नये. मी त्या वयात साध्या सायकलसाठी घर डोक्यावर घेतलं होतं.

मग आम्ही खासगी विश्वस्त निधींच्या मागे लागलो, आणि यात आमचे शेजारी ज्ञानकोश आपणहून सामील झाले. हे त्यांचं नाव नव्हे, त्यांचा स्वभाव आहे. ते टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले. आयुष्यभर लोकांचे फोन जोडून देताना मधलं बरंचसं ऐकलं असावं, त्याशिवाय माणसाला इतकं माहीत असणं शक्य नाही. त्यांनी वाचनालयात बसून अशा निधींची माहिती काढली आणि रोज चहाच्या वेळेला ते एकेक निधी घेऊन येऊ लागले.

दानशूर माणसं मरताना काय काय लिहून ठेवतात हे कोणाला सांगून खरं वाटणार नाही. एक मदत फक्त घड्याळजींच्या नातवंडांना होती. एक जुळ्यांपैकी मागाहून जन्मलेल्याला. "तुम्हाला नक्की एकच झाली होती ना?" असं ज्ञानकोशांनी विचारल्यावर हिनं आठवडाभर त्यांचा चहा बंद केला. तिसरी मदत तीन पिढ्या तंबाखूला न शिवलेल्या घरासाठी होती. मी अर्ज भरायला घेतला तेव्हा ही नुसतं एवढंच म्हणाली की तुमच्या आजोबांचं काय. आमच्या आजोबांनी तीन पिढ्यांचा तंबाखू एकट्यानं संपवला होता. चौथ्या निधीला देणगीदाराचं शिफारसपत्र लागत होतं. चौकशी केल्यावर कळलं की देणगीदार केव्हाच वारले. मी हा पेच तिथल्या कारकुनाच्या नजरेला आणला, तर तो म्हणाला, "हो ना, तेव्हापासून मदत कोणाला गेलेलीच नाही." त्याच्या बोलण्यात खंत नव्हती. शिल्लक वाढत असल्याचं समाधान होतं.

शेवटी ज्ञानकोशांनी लाकडाच्या एका व्यापाऱ्याचा निधी शोधून काढला. या गृहस्थांची अख्खी वखार वाळवीनं खाल्ली होती. त्या धक्क्यातून सावरल्यावर त्यांनी उरलेल्या पैशाची व्यवस्था केली, ती अशी की किडामुंगीचा अभ्यास करणाऱ्या गरजू मुलाला किंवा मुलीला शिक्षण पुरं होईपर्यंत दरवर्षी मदत मिळावी. आतापर्यंत अशी मुलं निधीला फारशी सापडली नव्हती. अर्जासोबत वाळवीवर निबंध हवा होता. आमच्या कन्येनं वाळवी हा किती उपयोगी प्राणी आहे आणि जंगलं तिच्याविना कशी जगणार नाहीत हे भरभरून लिहिलं. मी डोक्याला हात लावला. ज्या माणसाची वखार गेली त्याच्याच पैशावर वाळवीची स्तुती. पण तिला बदलायचं नव्हतं, आणि निबंध बहुधा कोणी वाचला नाही, कारण लगेच उत्तर आलं: निवड तत्त्वतः मान्य, आमच्या प्रतिनिधी अमुक वारी गृहभेटीस येतील व कुटुंबाची राहणी प्रत्यक्ष पाहतील.

ज्ञानकोशांनी तातडीची बैठक बोलावली, आमच्याच घरी. त्यांचं म्हणणं असं की घर गरीब दिसायला हवं. पडदे काढा, रेडिओ लपवा, विमावाले, तुम्ही दाढी करू नका. ही सगळं ऐकून घेत होती. मग तिनं इतकंच विचारलं की परकी बाई पहिल्यांदा घरात पाय ठेवणार आणि तिला मी पडद्यावाचून बसवू? माणूस घरी येणार म्हटलं की घर नीट हवं, मग तो कशालाही येवो. हा तिचा नियम. आणि खरं सांगायचं तर माझाही. घरात चार माणसांना बसवता येत नाही हे आम्हाला माहीत आहे, पण ते चार माणसांना कशाला कळायला हवं? आमच्या सोफ्याची मधली स्प्रिंग मेली आहे. दोन खुर्च्यांपैकी एक बसायची आहे आणि एक पाहायची, कारण तिचा मागचा पाय नुसता टेकवलेला आहे. कपांना कान आहेत, पण सगळ्यांना नाहीत.

ही वरच्या मजल्यावर दातांच्या डॉक्टरांकडे दोन कप मागायला गेली. डॉक्टरीणबाई मोठ्या मनाच्या. त्यांनी अख्खा चहाचा संच दिला, आणि मुलीचं शिक्षण आहे म्हटल्यावर दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीतला चामडी सोफाही दिला. कंपाउंडर आणि मी तो जिन्यातून उतरवला, माझ्या पाठीची वाट लागली. हे पाहून ज्ञानकोश दुखावले. आपला सल्ला डावलला याचं नव्हे, सोफा दुसऱ्याचा आला याचं. तासाभरात त्यांनी आपला गालिचा पाठवला, मग लंबकाचं घड्याळ, मग काचेचं कपाट आणि त्यात ठेवायला जाड जाड पुस्तकं. डॉक्टरीणबाईंना कळताच त्यांच्याकडून उभा दिवा आला. संध्याकाळपर्यंत आमच्या घरात मला ओळखीची अशी फक्त बायको उरली. मुलगी दारात उभी राहून म्हणाली, "बाबा, आपण मदत मागतोय की द्यायला बसलोय?" मी तिला मोठ्यांच्या मध्ये बोलू नकोस म्हणालो.

बाई ठरल्या वेळी आल्या. पिकलेले केस, साधा चष्मा, हातात कापडी पिशवी. पूर्वी कुठंतरी मुख्याध्यापिका होत्या हे त्यांच्या बघण्यावरून कळत होतं. त्या चामडी सोफ्यावर बसल्या, घड्याळानं ठोके दिले, सगळं कसं छान जुळून आलं. इतक्यात दार उघडून एक सुजलेला गाल आत आला आणि बाईंशेजारी बसला. तो डॉक्टरांचा पेशंट होता. वर बसायला जागा नाही, सोफा खाली गेलाय असं कंपाउंडरनं त्याला सांगितलं होतं, आणि तो सोफ्याच्या मागावर इथवर पोचला होता. बाईंनी हे कोण म्हणून विचारलं. आता हा माणूस दातांसाठी आलाय म्हटलं तर सोफ्याची कथा उघडी पडणार. मी म्हणालो, पाहुणे. पाहुण्यांना बोलता येत नव्हतं. त्यांनी गाल धरून मान हलवली. हिनं त्यांच्यापुढेही चहा ठेवला, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

मग बाईंनी चष्मा पुसून मला विचारलं, "बरं, घरचं कसं चाललंय?"

या प्रश्नाचं उत्तर आमच्या घराण्यात ठरलेलं आहे. माझे वडील अंथरुणाला खिळले होते तेव्हाही त्यांनी डॉक्टरांना तेच दिलं होतं. ते माझ्या तोंडून आपोआप निघून गेलं.

"आमचं तसं छान चाललंय," मी म्हणालो.

मुलीनं माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं मी अजून विसरलेलो नाही.

पत्र आलं ते मी उभ्या उभ्याच वाचलं. 'आपल्या अर्जाचा सहानुभूतीपूर्वक विचार करण्यात आला, तथापि आपली एकंदर सुस्थिती आणि घरातील पाहुण्यांची वर्दळ पाहता.' माझीच सुरुवात, माझाच तथापि. आजवर मी हे वाक्य किती लोकांना पाठवलं असेल, पण मला ते कोणी पाठवलं नव्हतं. मुलीनं पत्र वाचून घडी घातली आणि इथल्या कॉलेजचा अर्ज कुठं मिळतो ते विचारलं. ती आरडाओरडा करती तर मला बरं वाटलं असतं. मी जेवलो नाही. ही दिवा, कपाट आणि घड्याळ पुसून परत करत राहिली, आणि प्रत्येक वस्तू परत करताना शेजाऱ्यांना हसून सांगत राहिली की निकाल अजून यायचाय.

माझा संताप मात्र आता आवरण्यापलीकडे गेला होता. माणसाच्या घरी यायचं, त्याचा चहा प्यायचा आणि मग तो श्रीमंत आहे म्हणून कळवायचं, ही कुठली रीत? मी रजा टाकली आणि निधीच्या कार्यालयात गेलो. ते प्लायवूडच्या दुकानावर एका खोलीत आहे. तिथं सगळं फर्निचर लोखंडी आहे. लाकडाच्या व्यापाऱ्याच्या कार्यालयात लाकडाची काडी नाही, यावरून त्या घरानं वाळवीची किती धास्ती घेतली असेल ते कळावं. कारकुनानं सांगितलं की फेरविचाराचा अर्ज करता येतो, पण नकार मान्य असल्याचं आधी लिहून द्यावं लागतं. मी त्याला काही बोलणार एवढ्यात आतून बाईंचा आवाज आला, त्यांना आत पाठव.

मी खूप मोठं भाषण तयार केलं होतं. बाईंनी ते होऊ दिलं नाही. त्यांनी मुख्याध्यापिकेच्या आवाजात विचारायला सुरुवात केली आणि मी वर्गात उभा राहिल्यासारखा उत्तरं देत गेलो.

"सोफा कोणाचा?"

"दातांच्या डॉक्टरांचा."

"घड्याळ, गालिचा?"

"शेजाऱ्यांचा. पुस्तकंही त्यांचीच. दिवा पुन्हा डॉक्टरांचा."

"आणि ते पाहुणे?"

"ते सोफ्याबरोबर आले."

बाई हसू आवरत होत्या की राग, हे चष्म्यामुळे कळेना. "मी गरज पाहायला येणार हे तुम्हाला कळवलं होतं ना?" त्यांनी विचारलं. "मग तुम्ही श्रीमंती मागून आणलीत?"

"तुम्ही घरी येणार होतात," मी म्हणालो. माझा आवाज चढला होता, आणि तो मला उतरवायचाही नव्हता. "घरी आलेल्या माणसाला मोडक्या खुर्चीवर बसवून आमचं भागत नाही म्हणून सांगायचं? ते आम्हाला जमत नाही, बाई. जमलं असतं तर आतापर्यंत चार ठिकाणची मदत मिळवली असती. माझी मुलगी हुशार आहे. तिच्या बापाला नीट मागता येत नाही, हा तिचा दोष नाही."

एवढं बोलून मला रडू येईल की काय असं वाटलं, म्हणून मी खिडकीतून खाली, प्लायवूडच्या दुकानापुढच्या रस्त्याकडे बघत राहिलो. बाई म्हणाल्या की त्या पुन्हा येतील, पण केव्हा ते सांगणार नाहीत.

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते आमचं आम्हाला माहीत. दाराची कडी वाजली की ही पदर सावरून उभी. दूधवाल्याला मी दोनदा या, बसा म्हणालो. पेपरच्या बिलाला आलेला माणूस कान असलेल्या कपातून चहा पिऊन गेला आणि पुढच्या वेळी भाऊही घेऊन आला. ज्ञानकोशांनी जिन्याच्या तोंडाशी खुर्ची टाकून पहारा ठेवला होता. पिकलेले केस दिसले की ते खोकणार आणि आम्ही तयार होणार, असं ठरलं होतं. पण त्यांना खरोखरचा खोकला झाला आणि त्या व्यवस्थेवरचा सगळ्यांचा विश्वास उडाला. महिना संपत आला, मुलीनं इथल्या कॉलेजचा अर्ज भरून ठेवला, बाईंचा पत्ता नाही.

आल्या त्या एका रविवारी सकाळी. मी सोफा उलटा करून त्याच्या पोटात डोकं घातलं होतं, स्प्रिंग हाती लागतेय का पाहत. ही डोक्याला फडकं बांधून स्टुलावर चढून जळमटं काढत होती. मुलगी जमिनीवर बसून एका बरणीतल्या मुंग्या दुसऱ्या बरणीत हलवत होती. दार उघडंच होतं. मी डोकं बाहेर काढलं तेव्हा बाई खोलीच्या मधोमध उभ्या होत्या. ही स्टुलावरून उतरली आणि तिची नजर सवयीनं जिन्याकडे, वरच्या मजल्याकडे गेली. पण वाटेत बाई होत्या.

बसायच्या खुर्चीवर मुलीच्या बरण्या मांडलेल्या. बाई पाहायच्या खुर्चीवर बसल्या. मी धावत जाऊन मागून ती धरली आणि पुढचं सगळं बोलणं होईपर्यंत धरून ठेवली. बाईंना ती अदब वाटली असेल तर माझी हरकत नाही. हिनं स्टीलच्या भांड्यात चहा आणला आणि भांडं पुढं करताना तिचा चेहरा असा झाला की मला जगातल्या सगळ्या दानशूर माणसांचा राग आला. मदत करायची तर गुपचूप करावी, माणसाच्या स्वयंपाकघरात डोकावून कशाला?

बाईंनी या वेळी मला काही विचारलं नाही. त्यांनी हिला विचारलं, घरचं कसं चाललंय. हिनं तोंड उघडलं. मला पुढचं वाक्य पाठ होतं. मुलीनं बरणी खाली ठेवली आणि हळूच म्हणाली, "आई, खरं सांग."

ही बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "पुरत नाही हो. किती ओढलं तरी पुरत नाही."

आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हे वाक्य आमच्या घरात मोठ्यानं कोणी म्हटलं नव्हतं. मी तिला म्हणालो नव्हतो, ती मला म्हणाली नव्हती. आम्ही दोघंही एकमेकांना छान चाललंय असंच सांगत आलो होतो. मी खुर्ची घट्ट धरून उभा राहिलो. बाईंनी चहा संपवला, चांगला झालाय म्हणाल्या, आणि मुलीच्या शेजारी वाकून मुंग्या पाहत बसल्या. राणी कुठली, तिचं काम काय, वाळवी खरंच मुंगी नसते का, असं बरंच विचारत होत्या. म्हणजे निबंध कोणीतरी वाचला होता.

मदत मंजूर झाली, आणि महिना संपायच्या आत फी भरली गेली. मंजुरीच्या पत्रात मात्र 'कुटुंबाची परिस्थिती अत्यंत हलाखीची' असं होतं. हलाखी? आमच्याकडे? मी ताबडतोब कागद ओढला आणि सदर वर्णन वस्तुस्थितीला धरून नाही, घरात बसण्यायोग्य एक खुर्ची आहे, असा सणसणीत खुलासा लिहायला घेतला. हिनं तो फाडला. ज्ञानकोशांनी सांगितलं की अत्यंत नको, नुसतं हलाखीची चालेल असं कळवा. मी त्यांच्याशी आठवडाभर बोललो नाही.

मुलीला गाडीत बसवून आम्ही संध्याकाळी घरी आलो. निघताना ती रडली नाही, बरण्या मांडीवर घेऊन बसली होती आणि शेजारच्या प्रवासी बाईंना घाबरू नका म्हणून सांगत होती. घरात पडदे लागलेले होते. सोफ्याची स्प्रिंग मी बसवली होती, खुर्चीचा पायही. तसं पाहिलं तर आमचं घर इतकं नीटनेटकं पूर्वी कधीच नव्हतं. खिडकीत बरण्या होत्या तिथं गोल गोल खुणा उरल्या होत्या. ही फडकं घेऊन पुसायला गेली आणि न पुसताच उभी राहिली.

"अहो," ती म्हणाली, "बाईंनी आज यायला हवं होतं. हलाखी तर आज आहे."

मी नेहमीप्रमाणे संतापायला गेलो. सरकारवर, निधीवर, साहेबांवर, कोणावर तरी. पण कोणाची चूक काढावी हे काही केल्या सुचेना, म्हणून मी तिच्याशेजारी जाऊन उभा राहिलो.